अकराव्या पानाची पाठ

“काका, पान बाराची झेरॉक्स काढा. दोन प्रती. आणि पहिल्या दोन ओळींखाली लाल रेघ मारा,” देवेश म्हणाला. “बाकी काही नको. तेवढंच पाठवायचं.”

“कोणाला?”

“कैनाडच्या पुढे तो उंबरपाडा नाही का, तिथल्या पंचायतीला. पंपवाल्याची बोटं गेली ना. ते विचारतायत, तुमच्या यंत्राचा काय लोचा आहे. आपण दाखवायचं, बाबा, सूचना छापलेली आहे. त्याने वाचली नाही. संपला विषय.”

रामनाथ सावेंनी कपाटातून पुस्तिका काढली आणि ते मशीनपाशी गेले.

डहाणू रोड स्टेशनच्या पूर्वेला एका शेडमध्ये देवेशचा कारखाना होता. माणसं चौदा. गावोगावच्या नळयोजनांचे पंप चालवणारी पेटी तिथे तयार होत असे. टाकी रिकामी झाली की पेटीतलं सॉफ्टवेअर पंप सुरू करी, भरली की बंद करी. वीज गेली आणि परत आली तरी पंप आपोआप सुरू होई. एकेचाळीस गावांत अशा पेट्या बसल्या होत्या. पेटीबरोबर चोवीस पानांची एक पुस्तिका दिली जात असे. तिच्यातली वाक्यं लिहिणं, चित्रं बसवणं, पानं लावणं हे काम सावेंचं. वय अठ्ठावन्न. बोर्डीहून सकाळी सव्वाआठच्या एसटीने यायचे. आधीची अठरा वर्षं त्यांनी छापखान्यात खिळे जुळवले होते, नंतर संगणक शिकले.

झेरॉक्सचा दिवा पानाखालून सरकला. प्रत बाहेर आली. पान बाराच्या पहिल्या दोन ओळी अशा होत्या :

‘मात्र त्यापूर्वी मेन स्विच बंद केल्याची खात्री करावी. वीजपुरवठा पूर्ववत होताच पंप आपोआप सुरू होतो.’

सावेंनी पान मागे उलटून अकरावं पाहिलं. शेवटची ओळ : ‘८. स्क्रीनवर “पंप बंद” असे दिसल्यावर जाळी काढून गळती दुरुस्त करावी.’ पुढे पूर्णविराम. पान तिथे भरलं होतं. मागे आणखी काही असेल अशी शंका येण्याचं कारण नव्हतं.

त्यांना तो दिवस आठवला. दोन वर्षांपूर्वीचा मार्च. मजकूर पंचवीस पानं झाला होता. पुस्तिका कागद दुमडून शिवायची, त्यामुळे पानं चारच्या पटीत लागतात. चोवीस नाहीतर अठ्ठावीस. देवेशने चोवीस सांगितली होती. सावेंनी चित्रं लहान केली, ओळींमधली जागा आवळली आणि मजकूर चोवीस पानांत बसवला. बसवताना या दोन ओळी पलीकडे गेल्या. ते त्यांच्या लक्षात आलं होतं. नजरचूक असती तर गोष्ट वेगळी होती. दुपारचा एक वाजून दहा मिनिटं झाली होती, छापखान्याचा माणूस स्कूटर चालू ठेवून खाली उभा होता. पान उलटलं की दिसेलच, असं म्हणून त्यांनी फाइल दिली होती.

खिळ्यांच्या काळात छापखान्यातले फोरमन सांगत, आधीच्या वाक्याला अडवणारं वाक्य पानापलीकडे टाकायचं नाही. एकदा त्यांनी सावेंकडून एका ओळीसाठी अख्खं पान पुन्हा जुळवून घेतलं होतं. ते काम लग्नपत्रिकेचं होतं.

सावेंनी दोन्ही प्रतींवर लाल रेघ मारली. फाइलमध्ये ठेवताना त्यांना आतला अपघाताचा अर्ज दिसला. कारखान्याचा दिपक इस्पितळात जाऊन दोन प्रतींत भरून आला होता, एक पंचायतीला गेली होती. नाव : शुक्रा वांगड. वय : ४४. काम : पंपचालक. शिक्षण : निरक्षर. तळाशी निळा अंगठा, कंसात ‘डावा’.

ते नाव त्यांनी पूर्वी कुठेतरी वाचलं होतं. ते टेबलाशी गेले, स्वतःची प्रत काढली, पान एकोणीस उघडलं. समासात त्यांच्याच अक्षरात पेन्सिलने लिहिलेलं होतं : ‘चित्रात व्हॉल्व्हचे नंबर १ आणि २ उलटे पडले आहेत. शु. वांगड, उंबरपाडा, फोन.’ एकेचाळीस गावांपैकी चूक कळवणारा फोन एकच आला होता, तो हा.

*

रविवारी ते जीपने कैनाडला गेले. तिथून पाड्यापर्यंत अर्धा तास चालावं लागलं. शुक्राच्या घरापुढे त्याची बायको हिरी भात पाखडत होती. तिने सूप थांबवलं नाही.

“कुठून आलात?”

“डहाणूहून. पंपाची पेटी बनवतात, तिथून.”

“आता कुठला अंगठा पाहिजे? उजव्याचा राहिलाय.”

शुक्रा आतून बाहेर आला. अंगाने बारीक, केस आखूड कापलेले. उजव्या हाताला पट्टी होती. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नव्हतं, मधलं बोट अर्धं होतं.

“गप ना,” तो हिरीला म्हणाला. “बसा साहेब.”

“मी सावे. तुम्ही मला फोन केला होता. व्हॉल्व्हच्या नंबरांबद्दल.”

शुक्राने त्यांच्याकडे नीट पाहिलं. “तुम्ही बुकवाले! तुम्ही बोलले होते, पुढच्या टायमाला सुधारतो.”

“हो.”

“सुधारला का?”

“पुढची वेळ आता आली आहे,” सावे म्हणाले.

त्यांनी पंपघर पाहायची इच्छा सांगितली. चावी शुक्राकडे नव्हती. पंचायतीने त्याच्या पुतण्याला, सुनिलला, पंप बघायला सांगितलं होतं. शुक्रा चार घरं पलीकडे गेला आणि दारात उभा राहून चावी मागून आणली. “चार वर्षं माझ्या करगोट्याला होती,” एवढंच तो म्हणाला.

पंपघर विहिरीला लागून होतं. दहा फुटांची खोली, भिंतीला चुना. पेटीच्या वरच्या बाजूला पुस्तिकेची चार पानं ओळीने चिकटवलेली होती. सात, अकरा, पंधरा, एकोणीस. एकोणीसवर व्हॉल्व्हचे नंबर बॉलपेनने नीट करून घेतलेले.

“पुस्तिका कुठे आहे?”

“वाळवीने खाल्ली. मला माहीत होता खाणार. इथं कागद टिकत नाय. म्हणून कामाची पानं आधीच काढून लावली.”

“ही चारच का?”

“रोज हीच लागतात. पंप लावायचा, गळती काढायची, टाकी धुवायची, व्हॉल्व्ह. बाकी पानांत काय, कंपनीचा फोटू.”

सावेंनी पान अकराचा कोपरा नखाने उचलून पाहिला. उचलला जाईना.

“निघणार नाय साहेब. हिरीची खळ आहे, तांदळाची. दोन पावसाळे गेले, कोपरा नाय सुटला.”

पानाची पाठ भिंतीला होती. तिथल्या दोन ओळी चुन्याला चिकटल्या होत्या.

“त्या दिवशी काय झालं?”

शुक्रा पेटीसमोर जाऊन उभा राहिला. डाव्या हाताचं बोट त्याने भिंतीवरच्या पानाच्या पहिल्या ओळीवर ठेवलं.

“पाणी गळत होता, इथं, जाळीच्या आत, दांडा फिरतो तिथं. दहाला लाइट गेली. मी बोललो, चला, आता काढून टाकू गळती. इथून एक नंबर वाचला. केला. दोन केला. व्हॉल्व्ह बंद केला. असे सगळे केले. पेटीला बॅटरी असते, तिच्यावर दिसत होता, पंप बंद. आठ नंबर सांगतो, पंप बंद दिसला की जाळी काढा. काढली.” बोट पूर्णविरामापाशी येऊन थांबलं. “आठच्या आठ केले साहेब. मग लाइट आली.”

“मागच्या बाजूला आणखी दोन ओळी होत्या.”

“असतील. पहिल्या दिवशी पूर्ण बुक वाचलेला मी. दोन वर्षं झाली त्याला. भिंतीला लावल्यावर पाठ कोण वाचेल? आणि इथं टिंब आहे ना. टिंब असला म्हणजे झाला.”

सावेंनी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसला. “ते पान मी तिथे तोडलं होतं,” ते म्हणाले. “ओळी मागे जातायत हे मी बघितलं होतं. तरी तसंच दिलं.”

बाहेर विहिरीवर कोणीतरी बादली सोडली. ती पाण्याला लागल्याचा आवाज आला.

“बोटांचा मी कोणाला विचारत नाय,” तो म्हणाला. “पण त्या कागदावर लिवलाय, याला वाचता येत नाय. पट्टी होती, पेन धरवत नव्हता, तर त्या पोराने डावा अंगठा घेतला. मी बोललो, मी सही करतो, सातवी झालोय. तो बोलला, चालतो, चालतो. तो कागद पंचायतीत आला. माझ्या निलमने वाचला. बारावीला आहे ती. तिला बाराखडी मी शिकवली.”

“पंचायतीची सभा कधी आहे?”

“बुधवारी अकराला. तुमच्या कंपनीचा पत्र वाचणार तिथं. मग ठरवणार, मला पंपावर ठेवायचा का नाय.”

परत निघताना हिरीने सावेंना चहा दिला. बशी दिली नाही.

*

सोमवारी देवेशने पत्र तयार ठेवलं होतं. ‘सूचना पुस्तिकेत स्पष्टपणे छापलेली असून चालक निरक्षर असल्याने त्याने ती वाचली नसावी.’ सावेंनी ते उभ्यानेच वाचलं.

“निरक्षर हे खरं नाही. याच माणसाने आपली चूक दाखवून दिली होती.” त्यांनी समासातली नोंद पुढे केली. “आणि बाराबरोबर पान अकराही जोडा. दोन्ही वाचल्याशिवाय कळणार नाही.”

“काय कळणार नाही?”

“की अकरा तिथे संपल्यासारखं दिसतं.”

देवेश पाठीमागे रेलला. तो वाईट माणूस नव्हता. कामगारांच्या पोरांच्या फीसाठी त्याने दोनदा स्वतःची गाडी गहाण ठेवली होती. “काका, सॉफ्टवेअर मी बदललं ना? नव्या पेटीत पंप सुरू व्हायच्या आधी एक मिनिट भोंगा वाजेल. जुन्या एकेचाळीसमध्ये पण टाकू, हळूहळू. पण असं लिहून दिलं की चूक आमची, तर उद्या एकही पंचायत पेटी घेणार नाही. चौदा घरं आहेत इथे.”

“कंपनीची लिहू नका. माझी लिहा. पान मी तोडलं.”

“तुमचं नाव पुस्तिकेवर आहे का? नाही ना? मग?”

सावेंनी नोंदीची प्रत परत घेतली. “बुधवारी मला सुट्टी पाहिजे,” ते म्हणाले.

देवेशने पत्र पाकिटात घातलं. “काका, गुरुवारी येऊ नका असं मला बोलायला लावू नका.”

*

बुधवारी पंचायतीच्या खोलीत बाविसेक माणसं होती. सरपंच निर्मलाताई खुर्चीवर, बाकीचे सतरंजीवर. शुक्रा दाराजवळ बसला होता, उजवा हात टॉवेलखाली. ग्रामसेवकाने कंपनीचं पत्र वाचलं, लाल रेघ मारलेली झेरॉक्स सगळ्यांना दाखवली.

“छापलेलं तर आहे,” एक सदस्य म्हणाला. “आता याला वाचता येत नाही त्याला कंपनी काय करणार?”

सावे उठले. बोर्डीच्या शाळेतल्या स्नेहसंमेलनानंतर ते चार माणसांसमोर कधी बोलले नव्हते. “मी रामनाथ सावे. ही पुस्तिका मी केली. कंपनीने मला पाठवलेलं नाही.” त्यांनी पिशवीतून कोरी पुस्तिका काढली, मधल्या पिना सोडवल्या आणि पान अकरा सुटं केलं. “हे त्यांना वाचू द्या.”

पान हातोहात दारापर्यंत गेलं. शुक्राने ते डाव्या हातात धरलं. एक नंबरपासून वाचायला लागला. सावकाश वाचत होता, प्रत्येक आकड्यानंतर थांबत होता. ‘गळती’पाशी तो अडखळला नाही, ‘स्क्रीनवर’पाशीही नाही. आठवी ओळ संपली तेव्हा त्याने पान खाली घेतलं.

“संपलं?” सावेंनी विचारलं.

“संपला.”

“निर्मलाताई, तुम्ही बघा. संपलं का?”

पान निर्मलाताईंकडे आलं. त्यांनी चष्मा लावून शेवटची ओळ पाहिली. “संपलंय.”

“आता उलटा.”

त्यांनी पान उलटलं. पहिल्या दोन ओळी मनातल्या मनात वाचल्या. मग लाल रेघेची झेरॉक्स शेजारी धरून पुन्हा वाचल्या. मघाचा सदस्य उठून त्यांच्या खांद्यावरून बघायला लागला.

“हे तुमच्या पंपघरात भिंतीला चिकटलेलं आहे,” सावे म्हणाले. “पुढची बाजू दिसते. मागची भिंतीला आहे. या दोन ओळी पुढच्या बाजूला बसत नव्हत्या, म्हणून मी मागे जाऊ दिल्या. त्यांनी वाचलं आणि वाचलं तसंच केलं. तुम्ही लिहायचं ते लिहा, पण त्यांना वाचता येत नाही असं लिहू नका.”

मग निर्मलाताईंनी ग्रामसेवकाकडून अर्ज मागून घेतला, ‘निरक्षर’वर रेघ मारली आणि वर लिहिलं : सातवी पास. अंगठ्याशेजारी बोट ठेवून म्हणाल्या, “शुक्रादादा, इथे सही करा.”

शुक्राने पेन डाव्या हातात घेतलं. सही व्हायला वेळ लागला. अक्षरं एकमेकांपासून लांब पडली, शेवटचं चौकटीबाहेर गेलं. कोणी घाई केली नाही.

पंपाचं मात्र वेगळं ठरलं. “पाना-पक्कड धरवणार नाही त्या हाताने,” निर्मलाताई म्हणाल्या. “पंपावर सुनिलच राहू दे. दादा, तुम्ही त्याला शिकवा.”

“हां,” शुक्रा म्हणाला आणि हात परत टॉवेलखाली घेतला.

*

गुरुवारी सावे सव्वाआठच्या एसटीने आले. त्यांची खुर्ची जागेवर होती. पंचायतीकडून सगळं देवेशच्या कानावर गेलं होतं. जेवणानंतर तो टेबलापाशी आला.

“नवीन पुस्तिका कधी देताय?”

“दहा दिवसांत.”

“चोवीस पानं, काका. कागद घेऊन ठेवलाय.”

“चोवीसच.”

मजकूर मात्र त्यांना वीस पानांत बसवायचा होता. चार पानं त्यांना कोरी हवी होती. हे त्यांनी देवेशला सांगितलं नाही. चित्रं त्यांनी मोठीच ठेवली, अक्षरही लहान केलं नाही. शब्द काढले. ‘सदर यंत्रणेच्या माध्यमातून’ गेलं, तिथे ‘यंत्राने’ आलं. ‘करण्यात यावे’चं ‘करा’ झालं. कंपनीच्या इमारतीचा फोटो गेला. प्रत्येक काम ज्या पानावर सुरू होई त्याच पानावर संपेल, असं त्यांनी पान लावलं. संपत नसेल तर ते वाक्याकडे परत जात आणि त्यात बसून राहिलेला एखादा शब्द शोधून काढत. संध्याकाळी एसटीत बसल्यावरही ओठ हलत.

पान अकरा त्यांनी शेवटी घेतलं. सूचना आता अशी झाली : ‘८. मेन स्विच बंद करा. वीज आली की पंप आपोआप सुरू होतो. ९. आता जाळी काढा.’ ती पानात बसते का ते त्यांनी मोजलं. बसत होती. मग त्यांनी दोन वर्षांपूर्वीची फाइल उघडली. त्या दोन ओळी पुढच्या बाजूला यायला तेव्हा किती शब्द काढावे लागले असते, ते पाहायचं होतं. त्यांनी जुन्या पानातले शब्द एकेक करून पुसले. सहावा शब्द पुसल्यावर दोन्ही ओळी वर आल्या.

त्यांनी ती फाइल न साठवता बंद केली.

छापायला द्यायच्या आधी देवेशने पानं चाळली. आठ, बारा, सोळा, वीस. “काका, ही चार कोरी राहिलीत.”

“राहिली नाहीत. ठेवली आहेत.”

“कशाला? चार पानं वाया?”

“भिंतीला लावतात.”

देवेशने पान अकरा उलटून पाहिलं. पुन्हा सुलटं केलं, खालपर्यंत वाचलं आणि कोपऱ्यात सही करून फाइल परत दिली.

*

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात सावे पुस्तिका घेऊन उंबरपाड्याला गेले. शुक्राने सुनिलला चावीसकट बोलावून आणलं आणि पंपघर उघडलं. हिरीने वाटीतून गरम खळ आणून दिली आणि दारात उभी राहिली. या वेळी तिने सावेंना नाव विचारलं.

शुक्राने पुस्तिकेची पानं मधोमध सोडवली. अकरावं हातात घेतलं. पुढची बाजू वाचली, मग पान उलटलं.

“पाठीला काय नाय?”

“काही नाही.”

तरी त्याने ते दाराच्या उजेडात धरून पाहिलं. मग कोऱ्या बाजूला खळ लावली आणि जुन्या पानाच्या बरोबर वर नवं पान बसवलं. डाव्या हाताने वरची कड धरली. उजव्या हाताच्या उरलेल्या बोटांनी मधून बाहेर, मधून बाहेर, हवा काढत गेला. चारही कोपरे दाबले. एक पाऊल मागे होऊन एकपासून नऊपर्यंत मोठ्याने वाचलं. सुनिल शेजारी उभा राहून ऐकत होता.

“रोज वाचायचा. पाठ झाला तरी वाचायचा,” शुक्रा त्याला म्हणाला.

तिघं बाहेर आले. शुक्राने दार ओढून कुलूप लावलं, एकदा खेचून बघितलं आणि चावी सुनिलच्या हातात दिली.